हावरट कोण? – ‘ईट लाइक द ॲनिमल्स’ वाचताना

जास्त खाणाऱ्यासाठी मराठीत शब्दांची ददात नाही. हावरट, खादाड, अधाशी, बकासुर, खा-खा सुटलेला. यातला एकही शब्द नुसतं वर्णन करून थांबत नाही, थेट निकाल देऊन मोकळा होतो. ‘जिभेचे चोचले’ म्हटलं की दोष जिभेचा, ‘तोंडावर ताबा नाही’ म्हटलं की दोष मनाचा. प्राण्यांनाही आपण यातून सोडत नाही. शेतावर उतरलेला टोळ हावरट, कचराकुंडी उपसणारं माकड हावरट, आणि जेवून दहा मिनिटं झालेली असताना पुन्हा ताटाकडे बघत लाळ गाळणारा लॅब्रॅडॉर तर हावरटपणाचा ब्रँड ॲम्बॅसडरच.

डेव्हिड राउबेनहायमर आणि स्टीफन सिम्प्सन या दोन जीवशास्त्रज्ञांचं ‘ईट लाइक द ॲनिमल्स’ हे पुस्तक या निकालाविरुद्ध केलेलं अपील आहे. ते 2020 साली आलं. त्याच वर्षीच्या मे महिन्यात टोळधाड अमरावती, वर्धा, नागपूरपर्यंत पोचली होती आणि ताटं, डबे, ढोल बडवून टोळ हाकलणाऱ्या लोकांचे व्हिडिओ आपल्या फोनवर फिरत होते. या पुस्तकाची गोष्ट टोळापासूनच सुरू होते, आणि टोळ जे खातो ते का खातो, याचं त्यातलं उत्तर ‘हावरटपणा’ या शब्दापेक्षा कितीतरी मजेदार आहे.

टोळाचा हिशोब

1991 साली ऑक्सफर्डमध्ये या दोघांनी 200 टोळ घेतले आणि त्यांच्यासाठी 25 प्रकारचं खाणं तयार केलं. प्रत्येक प्रकारात प्रथिनं आणि कर्बोदकं यांचं प्रमाण वेगळं. काहींत प्रथिनं भरपूर, काहींत नावाला. प्रत्येक टोळाला एकच प्रकार, पण हवा तेवढा. मग कोण किती खातं, किती वाढतं, किती जाड होतं, हे मोजत बसायचं.

निकाल असा आला की ज्या टोळांच्या खाण्यात प्रथिनं कमी होती, ते खातच राहिले. प्रथिनांचा कोटा पुरा करण्याच्या नादात त्यांनी गरजेपेक्षा कितीतरी जास्त कर्बोदकं गिळली आणि ते जाड झाले. ज्यांच्या खाण्यात प्रथिनं जास्त होती, त्यांचा कोटा लवकर भरला, ते लवकर थांबले आणि रोडावले. दोन्ही भुका एकाच वेळी भागवता येत नसतील, तर टोळ प्रथिनांच्या भुकेचं ऐकत होता.

यातूनच पुढे 2005 साली माणसांबद्दलचा त्यांचा गाजलेला सिद्धांत आला: ‘प्रोटीन लिव्हरेज’, म्हणजे प्रथिनांची तरफ. हिशोब सोपा आहे. समजा, एखाद्याच्या शरीराला दिवसाला 75 ग्रॅम प्रथिनं हवी आहेत. त्यातून 300 कॅलरी मिळतात. जेवणातल्या एकूण कॅलरींपैकी 15 टक्के प्रथिनांतून येत असतील, तर 2000 कॅलरींत कोटा पुरा. पण तेच प्रमाण 12 टक्क्यांवर आलं, तर त्याच 75 ग्रॅमसाठी 2500 कॅलरी खाव्या लागतील. प्रमाणात तीन टक्क्यांचा फरक, आणि रोजच्या 500 कॅलरी जास्तीच्या. तरफेचं हेच वैशिष्ट्य: इकडे थोडं दाबलं की तिकडे खूप उचललं जातं.

पुस्तकाचं पहिलं मोठं श्रेय हे की ते भुकेचं अनेकवचन करतं. आपण ‘भूक’ म्हणतो तेव्हा एकच टाकी डोळ्यांपुढे असते, रिकामी किंवा भरलेली. हे दोघं पाच भुका सांगतात: प्रथिनं, कर्बोदकं, मेद, सोडियम आणि कॅल्शियम. एक भूक भागली तरी दुसरी जागी असू शकते. ‘पोट भरलं, पण काहीतरी हवंय’ ही आपल्या सगळ्यांना ठाऊक असलेली अवस्था इथे पहिल्यांदा चारित्र्यदोष न राहता एक माहिती होते.

स्टेला आणि युटातली फौज

दुसरं श्रेय गोष्टी सांगण्याचं. केपटाऊनच्या वेशीवर राहणारी स्टेला ही बबून माकडीण. एक संशोधिका सलग 30 दिवस तिच्या मागे फिरली आणि तिने तोंडात घातलेला घास न् घास नोंदवत गेली. स्टेलाने या महिन्यात नव्वदच्या आसपास वेगवेगळे पदार्थ खाल्ले. रोजचा मेन्यू वेगळा. पण रोजच्या खाण्याचा ताळा मांडला, तर प्रथिनांतून एक कॅलरी आणि कर्बोदकं-मेद मिळून पाच, हे गुणोत्तर कायम. हातात ॲप नाही, कॅलरीचा तक्ता नाही, आणि तरी हा काटेकोरपणा.

युटामधल्या मॉर्मन क्रिकेट या नाकतोड्यांच्या भाऊबंदांची गोष्ट तर भयपटासारखी आहे. लाखोंच्या संख्येने हे कीटक एकाच दिशेने चालत निघतात. ही शिस्त कसली? त्यांच्यापुढे वेगवेगळ्या अन्नाच्या ताटल्या ठेवून पाहिलं, तेव्हा त्यांची ओढ प्रथिनं आणि मिठाकडे निघाली. आणि त्या माळावर प्रथिनांचा आणि मिठाचा सगळ्यात जवळचा साठा म्हणजे पुढे चालणारा आपलाच भाऊबंद. जो थांबतो त्याला मागचा खातो, म्हणून सगळे चालत राहतात. या गोष्टीनंतर ‘हाव’ हा शब्द किती अपुरा वाटतो!

लेखनाची पद्धत गप्पांची आहे. दोघांची मैत्री, प्रयोगशाळेतले किस्से, फसलेल्या वाटा, मध्येच एखादा विनोद. अवघड आलेख टाळून मुद्दा पोचवण्याची हातोटी त्यांच्याकडे आहे. इंग्रजीतली पॉप्युलर सायन्सची पुस्तकं हल्ली एकाच कल्पनेला तीनशे पानं ताणतात. हे पुस्तकही एकाच कल्पनेचं आहे, पण त्या कल्पनेमागे तीस वर्षांचं स्वतःचं काम आहे. ते वजन पानापानावर जाणवतं.

चिप्सच्या पाकिटातली थाप

माणसांकडे वळल्यावर पुस्तक जास्त धारदार होतं. सिडनीमध्ये त्यांच्या गटाने 22 सडपातळ माणसांना तीन वेगवेगळ्या आठवड्यांत चार-चार दिवस ठेवून घेतलं. जेवण चवीला आणि दिसायला सारखंच, फक्त प्रथिनांचं प्रमाण 10, 15 किंवा 25 टक्के. प्रमाण 15 वरून 10 वर आणलं, तेव्हा लोकांनी 12 टक्के जास्त कॅलरी खाल्ल्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे जास्तीचं खाणं मुख्यतः दोन जेवणांच्या मधलं होतं, आणि गोडापेक्षा खारं-चटपटीत होतं.

का? कारण मटणाचा रस्सा, मुरलेलं चीज, सुकी मासळी यांत जी एक खोल, रसरशीत चव असते, जिला 1908 साली इकेडा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने ‘उमामी’ म्हटलं, ती ‘इथे प्रथिनं आहेत’ अशी खूण असते. प्रथिनांना भुकेलेलं शरीर या खुणेमागे जातं. पण चिप्सच्या पाकिटात, इन्स्टंट नूडल्सच्या मसाल्याच्या पुडीत फक्त खूण असते. आत मैदा, स्टार्च आणि तेल. प्रथिनं महाग, स्टार्च आणि तेल स्वस्त. म्हणून कारखाना चव प्रथिनांची देतो आणि माल स्टार्चचा. रात्री अकराला सीरिज बघताना एका बैठकीत मोठं पाकीट कसं संपतं, याचं इतकं नेमकं स्पष्टीकरण मी दुसरीकडे वाचलेलं नाही. पाकीट संपतं, कारण ज्यासाठी हात आत जातो ते त्यात नसतंच.

इथपर्यंत मी या पुस्तकाच्या बाजूने आहे. आता तक्रारी.

कोणत्या प्राण्यांसारखं?

पहिली तक्रार शीर्षकाशी. ‘प्राण्यांसारखं खा’ म्हणजे कोणत्या? लेखकांच्याच संशोधनात याचं उत्तर गुंतागुंतीचं आहे. युगांडातल्या बविंडीच्या जंगलातले गोरिला टोळाच्या उलट वागतात. फळांचा हंगाम संपला आणि प्रथिनांनी भरलेली पानंच उरली, की ते कर्बोदकं-मेदाचा कोटा राखण्यासाठी गरजेपेक्षा कितीतरी जास्त प्रथिनं खातात. तरफ तीच, पण दुसऱ्या टोकाला. मांजरापुढे पर्याय ठेवले, तर ते जवळपास निम्म्या कॅलरी प्रथिनांतून घेतं, आणि गोड तर त्याला लागतच नाही, कारण गोडाची चव ओळखणाऱ्या ग्राहीचं एक जनुक त्याच्या वंशात केव्हाच मोडलं आहे. आणि मंगोलियाच्या गवताळ पट्ट्यातला एक टोळ असा आहे की त्याला प्रथिनं कमी असलेलं गवतच मानवतं. गुरांनी जमीन फार चरली, गवतातला नायट्रोजन घटला, की याच्या झुंडी वाढतात. ‘प्रथिनांची भूक’ हे सूत्र तिथे जसंच्या तसं लावलं, तर उत्तर चुकेल.

पुस्तकातला गोरिला येतो आणि जातो; शीर्षक तसंच राहतं. रानातला प्राणी शहाणा आणि शहरातला माणूस बिघडलेला, ही जुनी रोमँटिक चौकट लेखक वरकरणी नाकारतात, पण पुस्तकाची रचना तिच्यावरच उभी आहे.

प्राण्यांचा शहाणपणा शरीराच्या आतूनही बिघडू शकतो, हे सांगायला लॅब्रॅडॉर पुरेसा आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 साली दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये ‘पॉमसी’ नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. त्यामुळे मेंदूपर्यंत ‘पुरे’ हा निरोप नीट पोचत नाही. पुढच्या कामात असंही दिसलं की हे कुत्रे दोन जेवणांमध्ये जास्त भुकेले असतात आणि स्वस्थ बसलेले असताना ऊर्जाही कमी जाळतात. भूक जास्त, खर्च कमी. त्याच्या ताटलीतलं प्रथिनांचं प्रमाण कितीही नेमकं करा, त्याची अडचण दुसऱ्या तारेत आहे.

जीभ आणि रक्त

दुसरी तक्रार जास्त महत्त्वाची आहे, कारण ती पुस्तकाच्या गाभ्याशी आहे. या पुस्तकात चव ही नोकरासारखी वागते. शरीराला जे हवं ते शोधून आणायचं, एवढंच तिचं काम. कारखान्याने तिला फसवलं तर ती फसते. पण ती स्वतः बदलत नाही.

खरं तर चव आणि शरीर यांच्यातलं संभाषण उलगडणाऱ्यांत सिम्प्सन स्वतः होते. 1988 साली त्यांनी आणि जेन ॲबिसगोल्ड यांनी दाखवलं की टोळाच्या रक्तात अमिनो आम्लं वाढली, की त्याच्या तोंडाजवळचे चव ओळखणारे केस अमिनो आम्लांना कमी प्रतिसाद देऊ लागतात. म्हणजे कोटा भरला की प्रथिनांची चवच फिकी लागते. मेंदूने मन आवरण्याचा प्रश्नच येत नाही. रक्त परस्पर जिभेला सांगून टाकतं. किती सुंदर व्यवस्था! एका मोठ्या प्रकरणाचा ऐवज यात होता, पण पुस्तक तिथे हवं तितकं रेंगाळत नाही. त्याला तरफेकडे जायची घाई आहे.

रेंगाळलं असतं तर एक अवघड प्रश्न समोर आला असता: ही तारच बिघडली तर?

मिशिगन विद्यापीठातल्या मोनिका दुस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फळमाश्यांवर केलेलं काम नेमकं इथे येऊन भिडतं. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात माश्यांना भरपूर साखरेच्या आहारावर ठेवलं. काही दिवसांत गोड ओळखणाऱ्या चेतापेशी मंदावल्या. माशीला साखर कमी गोड लागू लागली, आणि ती जास्त खाऊ लागली. जाड झाल्यामुळे चव गेली असावी, असं कुणालाही वाटेल. पण चव जाण्यामागे जाडी नव्हती, साखर होती. चेतापेशीतलं एक वितंचक आत येणाऱ्या साखरेचा माग ठेवतं आणि त्यानुसार पेशीची तीव्रता खाली आणतं. संशोधकांनी या चेतापेशी कृत्रिमरीत्या जाग्या ठेवल्या, तेव्हा तोच आहार असूनही माशा अति खाईनात आणि जाडही होईनात. पुढच्या एका अभ्यासात त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट दिसली: साखरेचा आहार बंद करून साधं खाणं दिलं, तरी चवीतला हा बदल टिकून राहिला.

टोळाच्या गोष्टीशेजारी ही गोष्ट ठेवून पाहा. टोळात चव फिकी झाली की खाणं थांबतं. माशीत चव फिकी झाली की खाणं वाढतं. यंत्रणेचा आराखडा एकच: शरीरातल्या घडामोडी जिभेचा आवाज कमी-जास्त करतात. एकीकडे ती व्यवस्था तोल राखते, दुसरीकडे तोल घालवते. कॉर्नेल विद्यापीठात उंदरांवर झालेल्या प्रयोगात तिसरीच वाट दिसली. तिथे तेलकट आहाराने लठ्ठ झालेल्या उंदरांच्या जिभेवरच्या रुचिकलिका आठ आठवड्यांत सुमारे पाव हिश्श्याने घटल्या, आणि कारण होतं लठ्ठपणातून उद्भवणारा दाह. म्हणजे आहार चवीला बदलतो, चव खाण्याला, खाणं शरीराला, आणि शरीर पुन्हा चवीला. सुरुवात कुठून झाली हे सांगायलाही अवघड असं हे चक्र आहे.

‘ईट लाइक द ॲनिमल्स’चा उपाय मात्र सरळ रेषेत जातो. खरं अन्न खा, कारखान्यातलं टाळा, प्रथिनं आणि तंतुमय पदार्थ पुरेसे घ्या, मग तुमच्या भुका आपोआप योग्य वाट दाखवतील. सल्ला चांगला आहे. पण वर्षानुवर्षं गोड पेयांवर वाढलेल्या जिभेला ताकाची चव ‘काहीच नाही’ अशी लागत असेल, तर तिची साक्ष लगेच कशी ग्राह्य धरायची? माशीवरून माणसावर उडी मारू नये, हे खरंच. पण टोळावरून माणसावर येताना लेखकांनी जे धाडस केलं, त्यातलं थोडं इथेही करायला हरकत नव्हती.

अर्धं उत्तर, आणि कुणासाठी?

तरफेचा सिद्धांत खोटा नाही, पण पुरा नाही. 2019 साली अमेरिकेत केव्हिन हॉल यांच्या गटाने 20 जणांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. पहिल्या अन्नावर लोक रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होते, आणि प्रथिनं मात्र दोन्हीकडे जवळपास सारखीच. सिम्प्सन-राउबेनहायमर यांचं भाकीत खरं ठरल्यासारखं दिसतं. पण संशोधकांच्याच हिशोबात तरफ या फरकाचा फार तर अर्धा भाग समजावते. उरलेल्या अर्ध्यात काय काय असेल? लोक ते अन्न जास्त भराभर खात होते, हे एक. मऊ, चावावं न लागणारं, निरोप पोचायच्या आत पोटात गेलेलं अन्न. एका कल्पनेवर तीस वर्षं प्रेम केलेल्या माणसांना हे ‘उरलेलं अर्धं’ दिसणं अवघड जातं, असं वाचताना वाटत राहतं.

तिसरी तक्रार आपल्या बाजूची. प्रयोगातल्या टोळापुढे खाणं हवं तेवढं होतं. पुस्तकाचा वाचकही असाच, सुपरमार्केटमध्ये उभा असलेला. पण तांदळातल्या कॅलरींपैकी प्रथिनांच्या वाट्याला साधारण 8 टक्के येतात. वरच्या हिशोबाने नुसत्या भातावर 75 ग्रॅम प्रथिनं गाठायची, तर 3750 कॅलरींचा भात लागेल. अन्नसुरक्षा कायद्याने साध्या रेशनकार्डावर माणशी महिन्याला 5 किलो धान्याची हमी दिली आहे. डाळीची हमी त्यात नाही. 5 किलो म्हणजे दिवसाला 160-170 ग्रॅम, जेमतेम 600 कॅलरी. ज्या घरात ताट मोजून वाढलं जातं, तिथे प्रथिनांची भूक माणसाला जाड करत नाही. ती तशीच न भागता राहते, आणि पोराची उंची, अंगाचं मांस यांतून वसूल होते. तोच सिद्धांत, तेच शरीर. फक्त ताटाला तळ आहे. या शक्यतेला पुस्तकात पुरेशी जागा मिळाली असती, तर ते श्रीमंत देशांच्या लठ्ठपणाच्या पुस्तकापेक्षा मोठं झालं असतं.

आणखी एक गाठ त्यांनी प्रामाणिकपणे समोर ठेवली आहे, आणि त्याचं कौतुक करायला हवं. 2014 साली त्यांच्या गटाने शेकडो उंदरांना 25 वेगवेगळ्या आहारांवर आयुष्यभर ठेवलं. प्रथिनं कमी आणि कर्बोदकं जास्त असलेल्या आहारावरचे उंदीर जास्त खात होते, त्यांच्या अंगावर चरबीही जास्त होती, आणि तरी तेच सगळ्यात जास्त जगले. म्हणजे सडपातळ राहणं आणि दीर्घकाळ जगणं हे एकच ध्येय नव्हे. जिममधून प्रोटीन पावडरचा डबा घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने निदान ते प्रकरण वाचावंच.

मग वाचायचं का?

जरूर. आणि वाचून झाल्यावर व्हिन्सेंट डेथिअरचं ‘टू नो अ फ्लाय’ही शोधा. 1962 सालचं हे छोटंसं पुस्तक माशीच्या भुकेबद्दल आहे आणि कुणालाही आहाराचा सल्ला देत नाही. माशी पायांनी चव घेते; पायाला साखर लागली की सोंड आपोआप बाहेर येते. डेथिअरने दाखवलं की तिच्या अन्ननलिकेकडून मेंदूकडे जाणारी एक बारीकशी नस कापली, तर माशी थांबतच नाही. पोट फुगून टम्म होतं, तरी पीत राहते. तिची इच्छाशक्ती कमी पडली का? तिचा फक्त एक निरोप पोचलेला नसतो.

राउबेनहायमर आणि सिम्प्सन यांनी एका निरोपाची गोष्ट फार छान सांगितली आहे. पण भुकेचे निरोप अनेक आहेत आणि ते एकमेकांत मिसळतात: रक्ताकडून जिभेला, जिभेकडून मेंदूला, जनुकाकडून, जबड्याच्या गतीकडून, बाजारभावाकडून. यातला कुठला निरोप कुठे अडला आहे, हे बाहेरून दिसत नाही. बाहेरून फक्त दिसतं की समोरचा अजून खातोय. ‘हावरट’ म्हणायला तेवढं पुरतं, त्याला समजून घ्यायला मात्र नाही.